दोर धरणारीनं पोहायचं नसतं

दादा, तू बुडाला नाहीस. गेला सव्वा महिना मी लोकांना हे एकच सांगत फिरतेय.

तू गेल्याचं फोनवर ज्याला ज्याला कळलं, त्यानं पहिला प्रश्न हाच केला, कुठल्या विहिरीत? मी सांगायचे, विहिरीत नाही, पुंडलिकनगरच्या घरात. गॅलरीतल्या खुर्चीत, सकाळच्या चहाच्या वेळेला, पायात मोजे घालून. हार्ट अटॅक. मग पलीकडनं परत तोच प्रश्न यायचा, मीच त्यांना फसवत असल्यासारखा. आडनाव पाणबुडे, सगळी हयात विहिरींत अन् तरणतलावावर गेलेली, अन् माणूस मेला कोरडाठाक, हे कुणाला पटेना. आपल्या एका चुलत मामांनी तर स्मशानात दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, पाण्याच्या माणसाला पाणीच नेतं, घरचे लपवायलेत. मी तिथंच त्यांना झापलं. बाईनं स्मशानात यायचं नसतं, ही आली ती आली अन् वर भांडली, म्हणून आता माझ्या नावानं बोंब आहे. असू दे. वीस वर्षं एस.टी.त कंडक्टर आहे मी, भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवायची सवय आहे.

एकटा तुझा तो मोटारी रिवाइंड करून देणारा मोहसीनभाई तेवढा बरोबर बोलला. डोळे पुसत म्हणाला, "बहेन, तुम्हारा भाई पानी कू चकमा देके निकल गया." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

आता मला बोलू दे. मी बोलायला लागले की "बास कर सुमे" म्हणायची तुझी खोड होती. आता तू म्हणू शकत नाहीस, म्हणून सगळंच बोलणार आहे.

आपल्या आजोबांना पोहता येत नव्हतं, ही गोष्ट तूच मला सांगितलीस, पोट धरून हसत. गावात कुणाची तरी तांब्याची घागर विहिरीत पडली. लोकांनी विचार केला, आपल्या करमाडात पाणबुडे राहत असताना काळजी कशाची? आले बोलवायला. आजोबांच्या तोंडून लाजेपोटी नाही निघेना. कमरेला दोर बांधून उतरले, नाकातोंडात पाणी गेलं, लोकांनी ओढून वर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते गुपचूप पोहायला शिकायला लागले, कारण लोक परत येणार हे त्यांना कळलं होतं. म्हणजे आपल्या घरात आडनाव आधी आलं अन् पोहणं मागनं आलं. पुढं पाच-सात गावांत कुणाची बादली पडो, कळशी पडो, नाहीतर पाणबुडी मोटार तुटून खाली जावो, माणूस आपल्या दारात हजर. पाणबुडी काढायला पाणबुडे, म्हणून गाव हसायचं अन् गावाबरोबर तूही हसायचास.

तुझा तो खेळ मला कुठंही गेलं तरी आठवतो. मला पडेगावहून मोटारसायकलवर बसवून माहेरी न्यायचास, तेव्हा छावणीपासून चिकलठाण्यापर्यंत आपण पाट्या वाचत जायचो. धंद्याला शोभणारं आडनाव दिसलं की मी तुझ्या खांद्यावर थाप मारायची. दाते नावाचे दातांचे डॉक्टर. गोरेबाईंचं ब्युटी पार्लर. उंदीर-झुरळं मारायचं औषध फवारणाऱ्या उंदऱ्यांचं कार्ड तर तू पाकिटात जपून ठेवलं होतंस. अग्निशमनच्या गाडीवरच्या ड्रायव्हरचं आडनाव आगलावे निघालं, त्या दिवशी गाडी बाजूला घेऊन आधी हसून घेतलंस अन् मग पुढं निघालास.

पण सोनार नावाचा सोनार तू मोजायचा नाहीस. सुतार नावाचा सुतारही नाही. मी थाप मारली तर म्हणायचास, त्यात काय हसायचं सुमे, त्याला जन्मायच्या आधीच त्या कामाला बांधून टाकलं; हसायचं ते आपल्या पायानं चालत गेला त्याला. तू स्वतःला त्यातलाच समजायचास. आयटीआय केलास, शेंद्र्याच्या कंपनीत फिटर होतास, चांगली नोकरी सोडून तरणतलावावर जीवरक्षक व्हायला गेलास. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला अन् शेजारच्या केबिनमधल्या दोघांना हाका मारल्या, हे बघा, पाणबुडे आलाय. मग हसत हसत आधार कार्ड मागितलं. तू दिलंस अन् म्हणालास, साहेब, नावावर घेऊ नका, पाण्यात उतरवून बघा. त्यांनी खोल बाजूला टाकलेली वीट तू एका दमात काढलीस अन् तशीच ओलीचिंब नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलीस. मला तुझा हा माज लई आवडायचा.

माझं लग्न कोरड्यांच्या घरात ठरलं तेव्हा मांडवात येईल त्याला तू सांगत होतास, पाणबुड्यांची पोरगी कोरड्यांकडं चालली. सगळे हसले, मीही हसले. पण दादा, मी कोरडी झाले ती काही लग्नानं नाही. मला तुम्ही सगळ्यांनी मिळून कोरडी ठेवली होती.

आपल्या घरचा नियम कुणाला सांगितला तर खरा वाटत नाही. मुलगा पाच वर्षांचा झाला की त्याच्या पाठीला डबा बांधायचा अन् विहिरीत सोडायचा. मुलीनं काठावर उभं राहायचं अन् दोर धरायचा. खाली गेलेल्यानं एक झटका दिला की ढील द्यायची, दोन दिले की ओढायचं, तीन दिले की अडकला, जीव खाऊन ओढायचं. अन् दोर धरणारीला पोहता येता कामा नये. आपले वडील, अण्णा, हे शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणून घ्यायचे. कारण आजोबा एकदा खाली अडकले अन् त्यांनी तीन झटके दिले, तेव्हा वर त्यांचा धाकटा भाऊ होता, पट्टीचा पोहणारा. त्यानं दोर सोडला अन् उडी मारली. आजोबा कसेबसे सुटून वर आले. भावाचं डोकं कपारीवर आपटलं, तो नाही आला. तेव्हापासून आपल्या घरानं ठरवलं की ज्याला पोहता येतं तो उडी मारतो, म्हणून दोर धरायला पोहता न येणारं माणूस पाहिजे. असं माणूस घरात आपोआप मिळत नाही, ते तयार करावं लागतं. आपल्या घरानं ते बाया-मुलींतून तयार केलं. आत्या, आई, मी.

मी नववीत होते. तू रामपारी कुणाची तरी मोटार काढायला खाली गेलास अन् केबलचा वेढा तुझ्या पायात बसला. तीन झटके आले. आई अन् मी दोघींनी ओढलं. दोर माझ्या हातातनं घसरला, तळव्यांची सालं निघाली, पण सोडला नाही. तू वर आलास तेव्हा ओठ निळे पडले होते. नंतर आयुष्यभर तू ज्याला त्याला सांगत राहिलास, माझी बहीण दोर सोडत नाय. तिकिटाची मशीन धरताना त्या वणांवर अजून बोट जातं माझं.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, ती कबूल करते. मला त्या दिवशी पोहता येत असतं तर मी उडी मारली असती. नक्की मारली असती. मग तू राहिला असतास की मी, की दोघंही नाही, काय माहीत. मी कोरडी होते म्हणून तू वाचलास. हे मला मान्य आहे, अन् तू त्या दिवशी वाचलास याचा आनंद मला आजही तेवढाच आहे. पण हे मान्य केलं की माझं भांडण मिटतं, असं तुला वाटायचं. तसं होत नसतं.

मी पहिल्यांदा पोहायला शिकव म्हटलं ते बारा वर्षांची असताना. तू म्हणालास, अण्णा नको म्हणतेत. अण्णा गेले तेव्हा म्हणालास, मग दोर कोण धरल? लग्न होऊन वहिनी आली, तुझा दोर तिच्या हातात गेला, तेव्हा मी परत आले. आता तर मी मोकळी आहे म्हटलं. तर तुला माझ्या सासरच्यांची काळजी लागली. सासरच्यांना मीच विचारून आले, ते काही बोलले नाहीत, तर म्हणालास, विहीर भरलीय, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बघू. किती उन्हाळे गेले दादा? अन् याच वर्षांत तू तरणतलावावर बायकांच्या बॅचला शिकवत होतास. शिकवायला बाई मिळेना म्हणून तूच काठावर उभा राहायचास. शहरातल्या मास्तरणी, डॉक्टरणी, साहेबांच्या सुना, साठीच्या आज्या, सगळ्या तरंगायला लागल्या. माझ्या गाडीत एकदा दोघी बसल्या होत्या, आमचे पाणबुडे सर किती छान शिकवतात म्हणून बोलत होत्या. मी त्यांना तिकीट दिलं अन् पुढं गेले. माझा भाऊ आहे असं सांगितलंसुद्धा नाही.

ऋतुजाच्या वेळेला मात्र मी तुला सोडलं नाही. तुझी लेक सहा वर्षांची होती, तू तिला काठावर उभं करून हातात दोर देत होतास, असा धर, असा पाय रोव. मी तो दोर हिसकावून घेतला. म्हटलं, हिच्या हातात पुन्हा दोर दिसला तर या घरचं पाणी पिणार नाही मी. तू हबकलास. आठ दिवस अबोला धरलास अन् नवव्या दिवशी तिच्या पाठीला डबा बांधलास. आज ती पोरगी कॉलेजकडून पोहायला जाते. लोकांना वाटतं बापाचा वारसा आहे. वारसा बापाचाच, पण तो आत्यानं भांडून घेतलाय.

अन् आत्या तिथंच राहिली.

या भाऊबीजेला मी तुझी साडी घेतली नाही. ताटात ठेवलीस, मी उचलून परत तुझ्या मांडीवर ठेवली. म्हटलं, शेहेचाळीस वर्षांची झाले, साड्या लई झाल्या, ओवाळणी म्हणून पोहायला शिकव. वहिनी हसली. तू हसला नाहीस. निरांजन उचलून बाजूला ठेवलंस. मग इतक्या हळू बोललास की वहिनीला ऐकू गेलं नाही.

"सुमे, दोर आता हिच्या हातात आसतो. पण खाली गेलो की मला आजून वाटतं, वर तू हायस. तू पोहायला शिकलीस तर मला पाण्याचं भ्या वाटंल."

"अन् मला जे भ्या वाटतं त्याचं काय?"

निघताना दारात म्हणालास, पक्कं, या उन्हाळ्यात. मी म्हटलं, बघू. हेच आपलं शेवटचं बोलणं. तीन आठवडे मी रागात फोन केला नाही, तूही केला नाहीस, अन् मग वहिनीचाच फोन आला.

तुझं ते वाक्य मी रोज उलटंपालटं करून बघते. माझ्यावर एवढा जीव होता तुझा, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. अन् त्याच जिवापायी तू मला काठावर खिळून ठेवलंस, हेही त्यातच आहे. दोन्ही खरं आहे अन् मला दोन्हीचा राग येतो, दोन्हीनं रडू येतं. ती साडी वहिनीनं परवा माझ्या पिशवीत घातली. मी नको म्हटलं नाही.

दहाव्याला सगळे नदीकाठी जमलो. पिंड ठेवला. भाऊबंदांनी आपापल्या कबुल्या तयार ठेवल्या होत्या. कावळा शिवेना झाला तर कुणी म्हणणार होतं ऋतुजाचं शिक्षण बघू, कुणी म्हणणार होतं विहीर बुजू देणार नाही. मीही तयारीनं गेले होते. म्हटलं, आज तू अडणार, अन् सगळ्यांच्या देखत मी विचारणार, आता सांग, कुणाला शिकवायचं राहिलं? तर तू काय केलंस? गुरुजी बाजूला सरले, पाच पावलंसुद्धा गेले नाहीत, अन् कावळा उतरला. खाऊन मोकळा. लोक म्हणाले, तृप्त माणूस, काही मागं राहिलं नाही. सगळ्यांचे चेहरे उजळले.

माझं डोकं फिरलं. तुझं काही राहिलं नव्हतं, बरोबर आहे. राहिलं होतं ते माझं. गेलेल्याची इच्छा पुरी झाली का हे विचारायला कावळा आहे, गुरुजी आहे, सगळी भावकी आहे. जी मागं जिवंत उरली तिची इच्छा कुणी विचारायची? मी नदीवरनं येतानाच ऋतुजाचा हात धरला अन् सांगितलं, तेरावं झालं की मला विहिरीत उतरव. तिनं का, कशाला, असं काही विचारलं नाही. नुसतं "कपडे ढिले घालू नको आत्या" म्हणाली.

तेरावं झालं अन् दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही करमाडच्या विहिरीवर. पाऊस चांगला झालाय, पाणी वरच्या पायरीला लागलेलं, खाली सात परस, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. उन्हाळ्याची वाट बघायची नाही असं ठरवूनच गेले होते. ऋतुजानं माझ्या पाठीला तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा बांधला, कमरेला दोर. दोराचं टोक वहिनीच्या हातात, दुसरं होतंच कोण. शेजारच्या रानातले दोघं-तिघं बघायला आले. त्यातला एक म्हणाला, तेरावं होऊन एक दिवस झाला नाही अन् बाईला पोहायचं सुचतंय. दुसरा म्हणाला, आज कोरडेबाई ओल्या होणार. मी पायरीवरनंच विचारलं, तुमच्यापैकी किती जण डबा न बांधता पोहायला शिकले?

पाणी कोमट होतं. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं हे मला चाळीस वर्षं तुझ्याकडनं ऐकून माहीत होतं. पाय सुटले अन् मी ओरडले. पोटात पाणी गेलं, नाकात गेलं, मी ऋतुजाचा गळा इतका आवळला की तिच्या मानेवर ओरखडे उठले. पहिल्या दिवशी मी तुला शिव्या दिल्या, मोठमोठ्यानं, नाव घेऊन. वर वहिनी ऐकत होती. एकदाही नको म्हणाली नाही.

त्यानंतर दर सुट्टीला गेले. ड्युटी करून अंग दुखायचं तरी गेले. आधी डबा, मग अर्धा भरलेला डबा, म्हणजे तो कमी उचलतो अन् आपल्याला जास्त हातपाय मारावे लागतात. ही युक्ती तुझीच, ऋतुजानं सांगितलं. म्हणजे तू शिकवलंस म्हणायचं का मला? मी तुला एवढं फुकट देणार नाही. ऋतुजानं शिकवलं.

काल रविवारी तिनं डबा सोडून काठावर ठेवला. म्हणाली, आत्या, समोरच्या कपारीपर्यंत. वीसेक हात असेल. मी गेले. कशी गेले विचारू नको, चांगली नाही गेले, दोनदा पाणी प्याले. पण समोरचा दगड हाताला लागला अन् मी तो धरला. खाली सात परस पाणी होतं अन् मी वर होते.

मान वर करून बघितलं तर वहिनी तशीच उभी. पाय रोवून, दोर दोन्ही हातांत आवळून, बोटं पांढरी पडलेली. तू गेल्यापासून ती चारचौघांत रडली नाही, लोकांनी त्यावरही बोलून घेतलं. तिथनंच मला म्हणाली, "सुमनताई, हे गेले तवा मी आत चहा गाळीत होते. माझ्या हातात काहीच नव्हतं."

वर ती, अन् तिच्या शेजारी मोटेच्या काळापासून रोवलेला लोखंडी खांब, कप्पी लावायचा. हत्तीनं ओढला तरी हलायचा नाही असा. मी त्या खांबाकडं बघतच राहिले. दादा, तीन पिढ्या आपण त्या खांबाला टेकून उभे राहिलो, त्याच्यावर कपडे वाळत घातले. झटका कळायला हात पाहिजे हे खरं. पण दोराचं शेवटचं टोक खांबाला बांधून ठेवलं असतं तर वरच्यानं उडी मारली तरी दोर जागेवर राहिला असता. आजोबांना सुचलं नाही, अण्णांना नाही, तुला नाही. दोर धरायला घरात बाया होत्या, मग सुचायचं कशाला?

"वहिनी," मी म्हटलं, "दोर खांबाला बांधा अन् खाली या."

"मग वर कोण?"

"कुणी नाय."

तिनं खांबाला तीन वेढे दिले, गाठ मारली, ओढून बघितली, परत ओढून बघितली. पदर खोचला अन् एकेक पायरी उतरत आली. बुडालेल्या तिसऱ्या पायरीवर पाणी तिच्या कमरेला लागलं तेव्हा तिनं डोळे मिटले अन् ऋतुजाचा हात धरला. तिथं ती रडली, अन् पाण्यात उभी राहून रडायला तिला कुणाची परवानगी लागली नाही.

आम्ही तिघी पाण्यात होतो, दादा. काठावर कुणीच नव्हतं.